काजूचा तुकडा आणि घरची भट्टी

विद्यालयाच्या वार्षिकांकात शिक्षकाने लिहावयाचे ते शिस्तीवर, वाचनावर किंवा फार तर पावसाळ्यातील निसर्गशोभेवर, असा एक संकेत पडून गेला आहे. यंदा तो मोडून आम्ही बिस्किटांवर लिहिणार आहोत. तीही दुकानातील नव्हेत, घरी भाजलेली, काजूची, अगदी साधी. विषय ऐकताच आमच्या एका सहकाऱ्यांनी "मग हा लेख मुलींच्या पाककलेच्या पानावर टाकू या" असे सुचविले. त्यांची सूचना आम्ही नम्रपणे नाकारली, आणि ती का नाकारली हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलांचा खाद्यपदार्थांचा बाजार भरतो, तो पालकांनीही पाहिलेला आहे. तेथील मांडणी जरा बारकाईने पाहावी. मुलींच्या टेबलांवर करंज्या, लाडू, शंकरपाळी असे घरचे पदार्थ असतात. (ते मुलींनी किती केले आणि त्यांच्या आयांनी किती, हा प्रश्न आम्ही येथे काढीत नाही.) मुलांच्या टेबलांवर मात्र दुकानातून आणलेले पुडे फोडून थाळीत मांडलेले असतात. हिशेब ठेवण्यात मुले हुशार. कोणत्या पुड्यावर किती नफा सुटला ते तोंडपाठ सांगतील. परंतु त्या बिस्किटात काय आहे, ते कडक का झाले, पिवळसर का दिसते, हे विचारले तर वर्गात प्रश्न न आल्यावर जी शांतता पसरते तीच येथेही पसरते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आठवीच्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला एक तरी पदार्थ स्वतः वजन करून, स्वतः भाजून, दुसऱ्याच्या हातात देता आला पाहिजे. आणि असा पहिला पदार्थ म्हणून आपल्या गोव्यात काजूच्या बिस्किटाइतका योग्य दुसरा नाही. भात करपला तर वरचा वर काढून घेता येतो, आमटीत मीठ कमी पडले तर मागाहून घालता येते. भट्टीत गेलेल्या बिस्किटाला मागाहून काहीच घालता येत नाही. जे करावयाचे ते आधी विचार करून, मोजून करावे लागते. शिवाय तळणीसारखे उकळते तेल येथे नाही, म्हणून लहान हातांना धोका कमी. आणि पदार्थ आठ-दहा दिवस टिकतो, म्हणजे तो वाटून खाण्याची सवड मिळते.

यावर आमच्याकडील वडीलधाऱ्या माणसांचा पहिला आक्षेप येतो तो असा: "भट्टी ही आपल्या घरातली वस्तू नव्हे." हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने खोटा नाही. आपल्या हिंदू घरांत उकडणे, तळणे, तव्यावर भाजणे होते. पदार्थ चहूकडून कोरड्या आचेने भाजणारी बंदिस्त भट्टी नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आली. कोंकणीत आपण भट्टीला 'फोर्न' म्हणतो आणि पाव भाजणाऱ्याला 'पदेर'. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेला सगळा गाव बाटला, अशा कथा आमच्या आजीच्या पिढीपर्यंत दबक्या आवाजात सांगितल्या जात. ज्या समाजाने अशा कथा ऐकल्या त्याने भट्टीला चार हात दूर ठेवले, यात नवल ते काय?

पण आता त्याच घरांच्या दाराशी पदेराच्या सायकलीचा भोंगा सकाळसंध्याकाळ वाजतो, आणि तो वाजला की मुलांच्या आधी आजोबाच पिशवी शोधू लागतात. मग राहता राहिला काजू. तो तरी आपला कुठला? काजूचे झाड मूळचे ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याकडचे. तेथील तुपी लोकांच्या बोलीतील नाव पोर्तुगीजांनी उचलले, त्याचे 'काजु' केले, आणि सोळाव्या शतकात झाड व नाव दोन्ही गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. आज सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे येथील डोंगरउतार मार्च ते मे या महिन्यांत बोंडूंच्या वासाने भरून जातात, तेव्हा हे झाड परके आहे असे कोणाच्या मनात तरी येते काय? 'बिस्कीट' हा शब्दही असाच लांबून चालत आलेला. लॅटिनमधील त्याच्या मुळाचा अर्थ 'दोनदा भाजलेले' असा आहे. नानकटाईचीही हीच गोष्ट. सुरतेच्या डच वखारीतील भट्टी एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि तेथून ती जन्मास आली, असे परंपरेने सांगतात. तेव्हा आपले आणि परके यांची वाटणी स्वयंपाकघरात करू गेले तर ताटात फारसे काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठीच आम्ही काजू निवडला. आपल्या वर्गांत अशी मुले आहेत की ज्यांच्या आया काजूच्या कारखान्यांत बिया फोडण्याचे व सोलण्याचे काम करतात. काजूच्या बीचे कवच दुपदरी असते आणि दोन पदरांच्या मध्ये एक दाहक तेल भरलेले असते. आंबा, बिब्बा आणि काजू ही एकाच कुळातील झाडे. बिब्ब्याने अंग उतते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस काजूच्या तेलाविषयी वेगळे सांगावयास नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेणीच्या विस्तवात बिया भाजताना ते तेल भुर्रकन पेट घेते ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. (हा खेळ मोठ्या माणसांवाचून करू नये, धूरही डोळ्यांस वाईट.) कारखान्यात बिया आधी भाजून किंवा वाफवून घेतात, तरीही फोडताना तेल हाताला लागतेच. म्हणून कामकरी स्त्रिया हातांना राख किंवा तेल चोळून बसतात. इतके करूनही बोटे काळी पडतात ती पडतातच. साधारण चार किलो बिया फोडाव्या तेव्हा एक किलो गर हाती येतो. आणि तो गर अखंड निघाला पाहिजे. मोडला की त्याची किंमत उतरली.

बाजारात काजूची प्रतवारी कशी करतात, हे गणिताच्या तासाला सांगण्याजोगे आहे. 'डब्ल्यू ३२०' असे ज्या मालावर लिहिलेले असते, त्याचे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड गर बसतात. 'डब्ल्यू १८०' हा त्याहून मोठ्या गराचा माल. पौंडात १८० पर्यंतच मावतात, आणि भाव अर्थातच चढा. त्या खाली मग दोन फाकी झालेली पाकळी, तुकडा, बारीक कणी. चवीत तुकडा अखंड गराच्या रेसभरही मागे नसतो. तो फक्त दिसावयास कमी. भेटीच्या पेटीत चांदीच्या वर्खाशेजारी मांडावयाचा असेल तर अखंड काजू घ्यावा; बिस्किटासाठी जो दळावयाचाच आहे तो अखंड घेणे म्हणजे पैसे देऊन मोडतोड करणे होय. आमच्या मते काजूचे बिस्कीट तुकड्याचेच करावे. ज्या घरात अखंड काजू पाहुण्यांपुरता येतो, किंवा तेवढाही येत नाही, त्या घरातील मुलालाही हे बिस्कीट करता आले पाहिजे. नाही तर आमच्या या सूचनेला अर्थ नाही.

आता कृती. ती आम्ही मुद्दाम वजनात देतो, वाटीत नव्हे. कारण दाबून भरलेली वाटी आणि हलकेच भरलेली वाटी यांत पिठाचा चांगलाच फरक पडतो. काजूतुकडा १०० ग्रॅम, गव्हाचे पीठ किंवा मैदा १५० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, चार-पाच वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात मोठ्या लिंबाहून लहान अशी पंचवीस बिस्किटे होतात. वरचे गणित येथे लावून पाहा: डब्ल्यू ३२० च्या हिशेबाने १०० ग्रॅम म्हणजे सुमारे सत्तर गर, तेव्हा एका बिस्किटाच्या वाट्याला तीनही पुरते येत नाहीत. तरी खाणाऱ्याला काजू लागतो. दुकानातील पुड्यावर काजूचे चित्र मोठे असते. त्याच पुड्याच्या पाठीमागे घटकांची यादी असते, आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी असा नियम आहे. त्या यादीत काजू कितव्या जागी बसला आहे ते मुलांनी स्वतः वाचावे. आम्ही त्याविषयी अधिक बोलत नाही.

काजू आधी मंद आचेवर जरासे गरम करून पूर्ण निवू द्यावेत आणि त्यांत दोन चमचे साखर घालून थांबत थांबत दळावेत. येथे घाई केली की फसलेच. काजूत वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. यंत्र सलग फिरविले तर ते तेल सुटते आणि पुडीच्या जागी लोण्यासारखा गोळा हाती येतो. तूप थिजलेले हवे. परातीत तूप व उरलेली साखर तळहाताने फेसून पांढरी करावी. वैशाखात आपल्याकडे तूप थिजतच नाही. अशा वेळी परात गार पाण्याच्या मोठ्या भांड्यावर ठेवून फेसावे. मग पीठ, काजूची पूड, वेलची, मीठ घालून सगळे हलक्या हाताने एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळावयाचे नाही, हे मुलींना विशेषकरून सांगावे लागते, कारण त्यांच्या हाताला कणकेची सवय असते. गव्हाच्या पिठात पाणी शिरून ते मळले गेले की त्यात चिवट तंतू तयार होतात; पोळीला ते हवेत, बिस्किटाला नकोत. तुपाने पिठाचा कण न् कण माखला म्हणजे ते तंतू धरत नाहीत, आणि बिस्कीट खुसखुशीत होते. 'मोहन चांगले पडले आहे' असे आपल्या आया म्हणतात त्यामागे हेच शास्त्र आहे. गोळा फारच सुटा राहिला तर चमचाभर दूध पुरे.

विजेची भट्टी घरी असेल तर ती आधी १६० अंशांपर्यंत तापवून पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. नसेल तरी अडत नाही. जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे, तळाशी दोन बोटे कोरडी वाळू पसरावी, वर एक तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालून पंधरा मिनिटे तापवावे आणि मग तूप लावलेल्या थाळीत अंतराअंतराने बिस्किटे ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. प्रेशर कुकर कोरडा तापवून यासाठी वापरण्याची चाल आहे, ती आम्हांस पसंत नाही. ते भांडे पाण्याच्या वाफेसाठी केलेले असते. जुन्या काळी बेबिंकाचा एकेक थर भाजताना झाकणावर नारळाच्या कवडांचे किंवा सोडणांचे निखारे ठेवीत. वर विस्तव नि खाली विस्तव अशी ही रीत असे. ती जमत असेल त्यांनी अवश्य करावी. मात्र वाळूचे असो वा विजेचे, तापलेले भांडे उघडताना शेजारी मोठे माणूस उभे असलेच पाहिजे.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी येते. कडा जराशा तांबूस झाल्या की बिस्किटे बाहेर काढावयाची. त्या वेळी ती बोटाला मऊ लागतात. नवशिक्याला वाटते कच्ची राहिली, तो पुन्हा आत सारतो, आणि निवल्यावर दगड हाती येतो. गरम असताना त्यांतील तूप व साखर सैल असते, निवताना ती घट्ट होते. दहा मिनिटे हात न लावता थाळीसमोर बसून राहणे हे चौदा वर्षांच्या मुलाला किती जड जाते, ते पालकांनी एकदा घरी पाहावे! निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. उघडे राहिले तर आपल्या दमट हवेत एका दिवसात सादळतात. आणि काजूचे तेल जुने झाले की खवट होते, म्हणून महिन्याचा साठा करू नये.

"यात अभ्यास कोठे आला?" असे विचारणारे पालक आम्हांस भेटतात. गांधीजींच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिने हातच्या उत्पादक कामाभोवती शिक्षण गुंफावे असा विचार मांडला. ती योजना पुढे सर्वत्र टिकली नाही, हे खरे. परंतु वजन, उष्णता, काळ, पदार्थांचे गुणधर्म हे सगळे एका थाळीत समोर येत असताना त्याला अभ्यास म्हणावयाचे नाही, तर मग कशाला म्हणावयाचे? आमच्या भाषेच्या तासालाही त्याचा उपयोग आहे. आपण घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो. केलेली कृती ज्याने केली नाही त्याला कळेल अशी दहा ओळींत लिहून दाखवा म्हटले की, ज्याचे निबंध पाच-पाच पाने वाहतात त्याचीही लेखणी अडते.

राहिला तो आक्षेप, जो कोणी उघड बोलत नाही. मुलगा स्वयंपाकघरात कशाला? आपले विद्यार्थी दहावी-बारावीनंतर पुण्याला, बेळगावला, मुंबईला जातात. चार जण मिळून खोली घेतात आणि तीन महिन्यांत पोट बिघडवून घरी परत येतात. मग आई डबे भरभरून पाठवू लागते. मुलगी तशीच बाहेर शिकावयास गेली, तर तिने मात्र स्वतःचे करून खावे अशी अपेक्षा असते. हा पक्षपात आपण घरातच शिकवितो, पाठ्यपुस्तकांत तो कोठेही लिहिलेला नाही. आणि एक विसरू नये: ज्या पदेराचा पाव आपण खातो तो पुरुषच असतो, लग्नाच्या मांडवात शंभर माणसांचा स्वयंपाक करणारे आचारीही बहुधा पुरुषच. परक्याच्या पोटासाठी मजुरी घेऊन रांधले तर ते काम, आणि आपल्या घरासाठी रांधले तर तो कमीपणा, हा न्याय आम्हांस समजत नाही.

बेळगावकडील आमचे नातेवाईक हा अंक वाचतात, त्यांच्यासाठी एक शब्द. तिकडे शेंगदाणा घरचा असतो. काजूच्या जागी भाजून, साले पाखडून तोच घ्यावा, आणि साखरेऐवजी थोडा बारीक चिरलेला गूळ घालून पाहावा. रंग काळसर येईल, चव उतरणार नाही. आणि हसावयाचे तर शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतूनच आला आहे.

आमची या वर्षीची सूचना संस्थेपुढे ठेवली आहे, ती येथे लिहून ठेवतो. येत्या स्नेहसंमेलनात आठवी व नववीच्या वर्गांनी एक टेबल काजूच्या बिस्किटांचे मांडावे. चार-चार जणांचा गट करावा, आणि प्रत्येक गटात मुलगे व मुली दोन्ही असावेत. काजू तुकड्याचाच, आणि तो वर्गाच्या सामायिक पैशातून एकदम आणावा, म्हणजे कोणाच्या घरचा काजू मोठा आणि कोणाचा लहान हे दिसणार नाही. तराजू विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून मिळेल. तशी परवानगी आम्ही मागितली आहे. थाळीवर गटाची नावे लिहावीत, आईचे नाव लिहू नये. काही मुलांना काजू किंवा शेंगदाणा मुळीच सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो. अशा मुलांची नावे पालकांनी वर्गशिक्षकांकडे आधीच द्यावीत. त्यांच्या गटाने बिस्किटे नारळ-रव्याची करावीत, नाताळात आपल्याकडे 'बोलिन्हा' करतात त्या धर्तीची. त्यांची थाळी, भांडी आणि टेबल वेगळे राहील. ज्या माता काजूच्या कारखान्यात काम करतात त्यांपैकी दोघींना त्या आधीच्या शनिवारी वर्गात बोलावून, बी कशी फोडतात हे मुलांना दाखवावे अशीही आमची इच्छा आहे. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडेल, तो वर्गाच्या त्याच पैशातून द्यावा. कोणत्या दोन माता याव्यात, ते त्यांच्या मुलांनी घरी विचारून सोमवारपर्यंत कळवावे.